एक फोल्डर, दोन प्रोग्रॅम: डिजिकॅममध्ये फोटोंची मांडणी आणि डार्कटेबलमध्ये एडिट, गोंधळ न होता

तालुक्याच्या गावातले बरेच स्टुडिओवाले आता डिजिकॅम आणि डार्कटेबल हे दोन्ही फुकट प्रोग्रॅम वापरतात. फोटो लावायला पहिला, रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) सुधारायला दुसरा. पण दर लग्नसराईत त्याच तक्रारी येतात: डार्कटेबलमध्ये फोटोच्या जागी कवटी (फाइल सापडत नसल्याची खूण) दिसते, डिजिकॅममध्ये दिलेले तारे तिकडे पोहोचतच नाहीत, रात्रभर केलेलं एडिट सकाळी गायब. प्रोग्रॅम बिघडलेले नसतात. कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

सगळा लेख एका नियमावर उभा आहे: फाइलचं नाव, जागा, तारे आणि टॅग ही कामं फक्त डिजिकॅमची, रंग, उजेड, क्रॉप आणि एक्सपोर्ट फक्त डार्कटेबलचं. आणि नाव व जागा पक्की झाल्याशिवाय डार्कटेबल उघडायचंच नाही.

उदाहरण एका लग्नाचं घेतलं आहे: साक्षगंध, हळद, लग्न, रिसेप्शन, दोन कॅमेरे, तीनेक हजार फोटो. तान्हा पोळा असो की शाळेचं गॅदरिंग, क्रम हाच.

## सुरू करण्याआधी: दोन्हीकडची सेटिंग

हे एकदाच करायचं आहे. पण निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं, म्हणून घाई नको.

दोन प्रोग्रॅममधला पूल म्हणजे एक्सएमपी नावाची छोटी फाइल. ती मूळ फोटोच्या शेजारी बसते. नाव मूळ फाइलचंच, एक्सटेन्शनसकट, आणि शेवटी आणखी एक ‘.एक्सएमपी’. डिजिकॅम तिच्यात तारे आणि टॅग लिहितो, डार्कटेबल त्याच फाइलमध्ये एडिटच्या पायऱ्या लिहितो. ही फाइल हरवली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा (फोटोसोबतची तारे, टॅग, वेळ अशी माहिती) विभाग उघडा.

– साइडकार (म्हणजे हीच शेजारी बसणारी फाइल) टॅबमध्ये ‘रीड फ्रॉम साइडकार फाइल्स’ आणि ‘राइट टू साइडकार फाइल्स’ दोन्ही सुरू करा. लिहिण्याचा पर्याय ‘एक्सएमपी साइडकार ओन्ली’ ठेवा.
– साइडकारची नावं कमर्शियल प्रोग्रॅमसारखी ठेवण्याचा एक पर्याय तिथेच असतो. तो बंद हवा. सुरू केला की नावातलं मूळ एक्सटेन्शन गळतं आणि डार्कटेबल वेगळ्याच नावाची फाइल शोधत बसतो.
– रॉ फाइलमध्ये थेट मेटाडेटा लिहिण्याचा पर्याय बंदच राहू द्या. मूळ निगेटिव्हवर कोणी पेन चालवत नाही.
– ‘लेझी सिंक्रोनायझेशन’ बंद करा. ते सुरू असलं की टॅग लगेच फाइलमध्ये उतरत नाहीत, साचून राहतात. आपल्याकडे मधेच लाइन जाते, आणि डेस्कटॉपवर साचलेलं काम तिच्यासोबत जातं.

डार्कटेबलच्या प्रेफरन्सेसमध्ये स्टोरेज विभागात एक्सएमपी फाइल बनवण्याचा पर्याय ‘आफ्टर एडिट’ ठेवा. ‘नेव्हर’ असेल तर एडिट फक्त डार्कटेबलच्या डेटाबेसमध्ये राहतं. विंडोज नव्याने टाकलं की सगळं गेलं. तिथेच ‘सुरुवातीला बदललेल्या एक्सएमपी फाइल शोधा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही सुरू करा.

बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. डिजिकॅममध्ये ती ‘रिमूव्हेबल मीडिया’ म्हणून जोडा, पण डिजिकॅमचा डेटाबेस मात्र कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर ठेवा. आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला एक कायमचं ड्राइव्ह अक्षर द्या. आज ‘ई’, उद्या ‘एफ’ झालं की डार्कटेबलला तो फोल्डर सापडत नाही.

इशारा: डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर कॉपी चालू असताना वीज गेल्यावर ती बिघडण्याचा धोका जास्त, कारण त्यात जर्नलिंग, म्हणजे लिहिण्याआधी बदलाची नोंद ठेवण्याची सोय, नसतं. फक्त विंडोजवर काम असेल तर एनटीएफएस बरं. फॉरमॅट बदलताना डिस्क पूर्ण रिकामी होते, म्हणून डेटा आधी दुसरीकडे काढा.

## १. कार्ड उतरवणं

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी. तेवढी जागा दोन ठिकाणी मोकळी आहे का, ते आधी पाहा.

फोल्डरचं नाव तारखेपासून सुरू करा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे गाव आणि आडनाव. अशी नावं आपोआप कालक्रमाने लागतात. ‘पाटील लग्न नवीन फायनल २’ अशा नावांनी दोन वर्षांनी तुम्हालाच काही सापडणार नाही. प्रत्येक तालुक्यात पाटील भरपूर आहेत. फोल्डर आणि फाइलची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच ठेवा. मराठीची हौस टॅगमध्ये भागवता येते, तिथे देवनागरी छान चालते.

आत प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा उपफोल्डर करा. पुढच्या टप्प्यात त्याचा उपयोग होणार आहे.

नातेवाइकांचे मोबाइल फोटो घ्यायचे असतील तर व्हॉट्सॲपवर साधे मागवू नका. त्यातून येताना फोटो दाबला जातो आणि काढल्याची वेळही उडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा फोन केबलने जोडून थेट उतरवा.

तपासा: कार्डवरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का? जुळला तर लगेच दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी. त्यानंतरच कार्ड रिकामं करायचं, तेही कॅमेऱ्यात फॉरमॅट करून. उतरवताना ‘डाउनलोडनंतर डिलीट करा’ हा पर्याय वापरू नका. अर्ध्यात लाइन गेली तर काय उतरलं आणि काय राहिलं याचा मेळच लागत नाही.

## २. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवणं

हा टप्पा लोक सोडून देतात आणि मग अल्बममध्ये मंगलाष्टकांच्या आधी सप्तपदी येते.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा. नसेल काढला तर दोघांनी टिपलेला एखादा नेमका क्षण शोधा. अंतरपाट खाली आला तो क्षण उत्तम, कारण तो कोणीच सोडत नाही. दोन फोटोंच्या नोंदीतल्या वेळेचा फरक काढा.

आता डिजिकॅममध्ये चुकीच्या घड्याळाच्या कॅमेऱ्याचा उपफोल्डर पूर्ण निवडा, आयटम मेनूमधून ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ उघडा आणि तेवढा फरक मिळवा किंवा वजा करा. कोणकोणत्या वेळा बदलायच्या याची यादी तिथे येते. त्यात डिजिकॅमच्या स्वतःच्या नोंदीतल्या वेळेवर खूण असलीच पाहिजे, कारण नाव बदलताना तीच वापरली जाते.

तपासा: अंतरपाटाचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून वेळ पाहा. मिळवायचं ते वजा झालं असेल तर फरक दुप्पट झालेला दिसेल.

## ३. नावं बदलणं, एकदाच आणि आत्ताच

वेळ आधी, नाव नंतर. हा क्रम उलटा झाला तर चुकीची वेळ नावात कायमची बसते.

एका कॅमेऱ्याच्या उपफोल्डरमधले सगळे फोटो निवडून ‘एफ२’ दाबा. नावाचा साचा असा ठेवा: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं एक अक्षर, शेवटी मूळ क्रमांक. मूळ क्रमांक ठेवल्याने नंतर कार्डवरच्या फाइलशी ताळा जमतो. कॅमेऱ्याचं अक्षर वेगवेगळं द्यायचं असल्याने हे प्रत्येक उपफोल्डरला स्वतंत्र करावं लागतं. मग सगळे एका फोल्डरमध्ये आणा. हलवणंसुद्धा डिजिकॅमच्या आतूनच, विंडोज एक्सप्लोररमधून नाही.

नावात वेळ घालण्याचा खरा फायदा पुढे आहे. घड्याळाची दुरुस्ती रॉ फाइलच्या आत गेलेली नसते, पण डार्कटेबलमध्ये क्रम फाइलच्या नावावर लावला की दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो आपोआप बरोबर बसतात.

इशारा: हा टप्पा संपला की नाव आणि जागा गोठली. गिऱ्हाइकाने काहीही सांगो, नवरीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं असो, एडिट सुरू झाल्यावर फोल्डरला हात लावायचा नाही.

## ४. छाटणी

पहिल्या फेरीत फक्त नापास फोटो बाजूला करा: हललेले, फ्लॅश न पेटलेले, चपलांचे. डिजिकॅममध्ये ‘रिजेक्टेड’ हे पिक लेबल ‘ऑल्ट + १’ ने लागतं. लगेच डिलीट करू नका. आजोबांचा एकच फोटो असेल आणि तो किंचित हललेला असेल, तरी घरच्यांना तो लागतो. असे निर्णय थंड डोक्याने, दुसऱ्या दिवशी.

पिक लेबल ही डिजिकॅमची घरातली भाषा आहे. डार्कटेबल ती वाचत नाही. रंगीत लेबलांच्या भरवशावरही राहू नका. पलीकडे खात्रीने पोहोचतात ते तारे आणि टॅग. ‘लाल लेबल म्हणजे अल्बम’ असं ठरवून बसलात तर तिकडे सगळे फोटो सारखेच दिसू शकतात.

ताऱ्यांचा अर्थ ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. माझी शिफारस: ३ तारे म्हणजे एडिट करायचा, ४ म्हणजे गिऱ्हाइकाला निवडीसाठी दाखवायचा, ५ म्हणजे अल्बमच्या मोठ्या पानावर. तारे ‘कंट्रोल’ दाबून आकड्याने लागतात. १ तारा मात्र वापरूच नका. डार्कटेबल नव्याने घेतलेल्या फोटोंना स्वतःहून १ तारा देतो, म्हणून तुमचा १ आणि त्याचा १ यात फरक उरत नाही.

नापास फोटो शेवटी डिलीट केले तरी डिस्कवर जागा लगेच मोकळी होत नाही. डिजिकॅम ते आपल्याच कचरापेटीत ठेवतो, आणि ती पेटी त्याच डिस्कवर असते. ती आतून रिकामी करावी लागते.

## ५. टॅग

थोडेच, पण झाडासारखे. ‘कार्यक्रम’ खाली साक्षगंध, हळद, लग्न, रिसेप्शन. ‘घर’ खाली मुलाकडचे, मुलीकडचे. ‘फोटोचा प्रकार’ खाली जोडी, कुटुंब, विधी, सजावट. एवढं पुरतं. दोन महिन्यांनी “हळदीतला आत्याचा फोटो द्या ना जी” असा फोन आला की हळद आणि मुलीकडचे हे दोन टॅग लावून तीन हजारांतून साठ-सत्तर फोटो समोर येतात.

डिजिकॅम चेहरेही ओळखतो. पण पहिल्यांदा काही शे एमबीच्या फाइली डाउनलोड कराव्या लागतात आणि जुन्या लॅपटॉपवर ते काम रात्रभर चालतं. लग्नाच्या कामात त्याची गरज पडत नाही.

तपासा: फोल्डर उघडून पाहा. तारे दिलेल्या फोटोशेजारी एक्सएमपी फाइल तयार झाली का? नसेल तर इथेच थांबून साइडकारची सेटिंग पाहा. दुरुस्त केल्यावर सगळे फोटो निवडून ‘राइट मेटाडेटा टू फाइल’ चालवा. मग ३ आणि त्याहून जास्त तारे असलेल्या फोटोंची संख्या कागदावर लिहा आणि डिजिकॅम पूर्ण बंद करा.

## ६. डार्कटेबलमध्ये आणणं

इम्पोर्टमध्ये दोन वाटा दिसतात. ‘ॲड टू लायब्ररी’ घ्या. ‘कॉपी अँड इम्पोर्ट’ घेतलं तर फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्याच जागी तयार होते, आणि मग तुम्ही एडिट करता एकावर, डिजिकॅम दाखवतो दुसराच.

कॅमेरा रॉ आणि जेपीईजी दोन्ही काढत असेल तर इथे रॉ नसलेल्या फाइली वगळा. नाहीतर प्रत्येक क्षण दोनदा दिसेल.

क्रम फाइलनेमवर लावा, वरच्या पट्टीत ३ तारे आणि पुढे असं गाळणं लावा.

तपासा: आकडा कागदावरच्या संख्येशी जुळतो का? जुळला तरच पुढे. कमी असेल तर एक्सएमपी नीट लिहिल्या गेल्या नव्हत्या. एडिट सुरू झालेलं नसल्यामुळे दुरुस्ती अजून सोपी आहे: फोटो डार्कटेबलमधून ‘रिमूव्ह’ करा, डिजिकॅममध्ये जाऊन पुन्हा लिहा, परत आणा. ‘रिमूव्ह’ म्हणजे फक्त यादीतून काढणं. ‘डिलीट’ म्हणजे डिस्कवरून जाणं. दोन्ही बटणं शेजारी आहेत, वाचून दाबा.

## ७. एडिट

एकेक फोटो उघडून सुधारत बसलात तर पुढचं लग्न येईल. फोटोंचे उजेडाप्रमाणे गट पाडा: मांडवातली दुपार, बाहेरचं ऊन, रात्रीची वरात, स्टेजवरचे एलईडी. प्रत्येक गटातून एक नमुना फोटो घ्या, तो नीट करा, मग तेच बदल बाकीच्यांवर.

नमुना फोटोत क्रम असा ठेवा. आधी लेन्स करेक्शन आणि नॉइज. मग एक्स्पोजर, तेही चेहऱ्यावर नजर ठेवून. एप्रिल-मेच्या विदर्भातल्या दुपारी मांडवाबाहेरचं सगळं पांढरं पडलेलं असतं. त्याच्या नादाने एक्स्पोजर कमी केलं तर चेहरे काळवंडतात. चेहरा बरोबर करा, बाहेरचा झगझगाट नंतर टोन इक्वलायझरने खाली आणा. मग रंग. शेवटी सिग्मॉइड किंवा फिल्मिक (उजेड-सावली पडद्याच्या मर्यादेत बसवणारी मॉड्यूल), दोन्हीपैकी एकच. दोन्ही सुरू ठेवले तर तेच काम दोनदा होतं आणि चित्र बिघडतं.

रंगाबाबत जरा थांबायला हवं. आपल्याकडे मांडवावर हिरवी जाळी असते आणि खालची त्वचा आजाऱ्यासारखी दिसते. हिरवेपणा काढायला लोक व्हाइट बॅलन्स मॉड्यूल ओढतात, आणि तिथेच फसतात. कलर कॅलिब्रेशन सुरू असेल तर व्हाइट बॅलन्स मूळ जागीच ठेवायचं असतं. दोन्हीकडे बदल केले तर रंगाची दुरुस्ती दोनदा होते. रंग फक्त कलर कॅलिब्रेशनमध्ये सुधारा. पिकर एखाद्या पांढऱ्या वस्तूवर ठेवा: म्हाताऱ्यांची टोपी, धोतर, पत्रावळीशेजारचा पांढरा कागद. ती वस्तू चेहऱ्याच्याच उजेडात असली पाहिजे. जाळीखालच्या चेहऱ्यासाठी बाहेरच्या उन्हातली पांढरी भिंत निवडली तर हिरवा तसाच राहतो.

हळदीच्या फोटोंवर ऑटो रंग लावू नका. चौकटीत पिवळं इतकं असतं की प्रोग्रॅम त्यालाच दोष समजून निळसर ओढतो आणि नवरी जांभळी होते. हळद लागण्याआधीचा, त्याच जागेचा फोटो नमुना म्हणून घ्या आणि तोच रंग पुढे लावा.

नमुना झाला की लाइटटेबलमध्ये (डार्कटेबलचा सगळे फोटो एकत्र दाखवणारा भाग) ‘सिलेक्टिव्ह कॉपी’ घ्या आणि क्रॉप व रोटेट यांवरची खूण काढा. ही खूण राहिली की एका फोटोचा क्रॉप सगळ्या गटाला लागतो आणि उंच माणसांची डोकी उडतात. पेस्ट केल्यावर गट भरभर पाहून घ्या. क्रॉप आणि एक्स्पोजरची किरकोळ दुरुस्ती तेवढी हाताने.

इशारा: डार्कटेबल उघडं असताना त्याच फोल्डरवर डिजिकॅम उघडू नका. दोघे एकाच एक्सएमपीत लिहितात. डार्कटेबल आपल्या डेटाबेसमधले तारे आणि टॅग वर लिहून मोकळा होतो, तुम्ही मधल्या वेळात डिजिकॅममध्ये दिलेला टॅग पुसला जातो. आणि डार्कटेबलमध्ये ‘डुप्लिकेट’ करून रंगीत व कृष्णधवल अशा दोन आवृत्त्या ठेवल्या असतील, तर दुसऱ्या आवृत्तीच्या एक्सएमपीच्या नावात ‘_०१’ येतं. डिजिकॅमने फोटो हलवला तर ही फाइल सोबत जाईल असं धरून चालू नका.

## ८. एक्सपोर्ट

त्याच फोल्डरमध्ये तयार फोटोंसाठी एक उपफोल्डर करा आणि तो पुन्हा डार्कटेबलमध्ये इम्पोर्ट करू नका. जेपीईजी, क्वालिटी ९५, रंग एसआरजीबी. लॅबने वेगळं प्रोफाइल मागितलं नसेल तर हेच.

अल्बमचं १२ × ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) १०८०० × ३६०० पिक्सेलचं होतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेल, म्हणजे एकच फोटो पूर्ण ३६ इंचांवर ताणला तर १६७ च्या आसपास डीपीआय उरतो. हातभर अंतरावरून चालतं, पण ज्यात जास्त क्रॉप केला आहे असा फोटो त्या पानासाठी देऊ नका.

मोबाइलवर दाखवायच्या फोटोंचा वेगळा एक्सपोर्ट करा, लांब बाजू २०४८ पिक्सेल. एक्सपोर्टच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये टॅग सोबत जाऊ द्या, ठिकाणाची माहिती मात्र काढून टाका. लोकांच्या घरांचा पत्ता फोटोत फिरायला नको.

डार्कटेबल बंद करा, मग डिजिकॅम उघडा. तयार फोटो दिसले नाहीत तर ‘एफ५’.

## ९. बॅकअप

रॉ फाइली, एक्सएमपी आणि तयार जेपीईजी, तिन्ही दुसऱ्या डिस्कवर. गावातल्या इंटरनेटवर ९० जीबी चढवायचा विचारही करू नका. पण एक्सएमपी काही केबींच्याच असतात. हजारो फाइलींची झिप मोबाइल डेटावरही चढते. तयार फोटोंसोबत ती क्लाउडवर ठेवली आणि रॉ दोन डिस्कवर असल्या, तर एक डिस्क गेली तरी सगळं एडिट परत उभं राहतं. दोन्ही प्रोग्रॅमच्या डेटाबेस फाइलींची कॉपी घ्यायची ती प्रोग्रॅम बंद असताना.

## आधीच गोंधळ झाला असेल तर

कवटी दिसते. फोल्डर हलला किंवा नाव बदललं. पूर्ण फोल्डर हलला असेल तर डार्कटेबलच्या कलेक्शन्समध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘सर्च फिल्मरोल’ ने नवी जागा दाखवा. फाइलींची नावं बदलली असतील तर नव्या नावांजवळ एक्सएमपी आहेत का ते आधी पाहा. असतील तर नव्याने इम्पोर्ट केल्यावर एडिट परत येतं, आणि कवटीवाल्या जुन्या नोंदी ‘रिमूव्ह’ करता येतात.

एक्सएमपी जुन्याच नावाच्या राहिल्या. एक्सप्लोररमधून नाव बदललेलं असतं तेव्हा असं होतं. थोड्या असतील तर हाताने नवं नाव द्या, एक्सटेन्शनसकट तंतोतंत. पुष्कळ असतील तर फोटोंना जुनी नावं परत देणं सोपं पडतं.

डार्कटेबल सुरू होताच बदललेल्या फाइलींची यादी येते. म्हणजे मधल्या काळात डिजिकॅमने एक्सएमपीत लिहिलं आहे. बटण दाबण्याआधी फोल्डरमधल्या सगळ्या एक्सएमपी बाजूला कॉपी करा. बदल तुम्हीच डिजिकॅममध्ये केले असतील तर एक्सएमपीकडून वाचण्याचा पर्याय घ्या, आणि दोन-तीन फोटो उघडून एडिट शाबूत आहे का ते पाहा. नसेल तर डार्कटेबल बंद करून बॅकअपमधल्या, एडिट असलेल्या जुन्या एक्सएमपी परत टाका.

डार्कटेबलमध्ये बदललेले तारे डिजिकॅममध्ये दिसत नाहीत. फोटो निवडून आयटम मेनूतून ‘रिरीड मेटाडेटा फ्रॉम फाइल’ चालवा.